सप्लाय चेन शिकायचंय: डिप्लोमा करू की वेर्ण्याची नोकरी धरू?

डिचोलीकर_22
नमस्कार मंडळी. बीकॉम झालंय, वय 22, गोव्यात डिचोलीला राहतो. बाबांचा खाणीवर ट्रक होता, 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा मी प्रायमरीत होतो आणि घरात हप्त्यांशिवाय दुसरा विषय नसायचा, तेव्हापासून माल कुठून निघतो कुठे जातो आणि मधेच का अडकतो हे डोक्यात बसलंय. सप्लाय चेनमध्येच करिअर करायचं ठरवलंय. एक ऑनलाइन पीजी डिप्लोमा बघितलाय, वर्षाचा, 1 लाख 40 हजार, 'प्लेसमेंट 100 टक्के' म्हणतात. दुसरीकडे वेर्ण्याला एका फार्मा कंपनीत डिस्पॅचला कॉन्ट्रॅक्टवर घेतायत, 17 हजार, शिफ्ट ड्युटी. आई म्हणते शिक, बाबा म्हणतात लाग कामाला. कुणी या लाईनीत आहे का?

सांज_फोंडा
एमबीए कर आणि मोकळा हो. सांखळीला जीआयएम (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) आहे, तुझ्या घराजवळच. कॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा दे.

डिचोलीकर_22
फी बघितलीत का हो 😅 ट्रकचं कर्ज आत्ता कुठे फिटलंय.

वेर्णा_नाईटशिफ्ट
अकरा वर्षं आहे या लाईनीत. आधी स्टोअर, मग परचेस, आता प्लॅनिंग. जरा लांब लिहिते, चहा घेऊन बस.

त्या 100 टक्केवाल्यांना एकच विचार, गेल्या बॅचची मुलं कुठल्या पोस्टवर लागली. माझ्या मावसभावाने असाच एक कोर्स केला, 'प्लेसमेंट' म्हणजे एका कुरिअरच्या गोदामात स्कॅनर धरून उभं राहणं निघालं, जे त्याला कोर्स न करता पण मिळालं असतं.

माझं मत, नोकरी धर. पण डिस्पॅचला नुसता शिक्के मारत बसू नको. पहिल्या तीन महिन्यांत पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर कशी निघते, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद कोण करतो, क्यूसीने (क्वालिटी तपासणाऱ्यांनी) माल होल्डवर टाकला तर गाडी कुठे उभी राहते, हे बघ. फार्मामध्ये आधी आलेला नाही, आधी एक्स्पायर होणारा माल आधी जातो, फेफो म्हणतात, हे पाठ करावं लागत नाही, एकदा चुकीचा बॅच लोड झाला की जन्मभर लक्षात राहतं.

आमच्याकडचाच किस्सा. एक्स्पोर्टचा कंटेनर न्हावाशेवा बंदराला जायचा होता, रात्री दीडला लोडिंग संपत आलं, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि एका हेल्परने सांगितलं की चार पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटींवर, शिक्का नाही. लाकडी पॅलेट परदेशी जायचं तर त्याला सहसा उष्णता देतात, लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 डिग्री, 30 मिनिटं, कीड मरावी म्हणून, आणि मग त्यावर गव्हाच्या कणसाचं चिन्ह आणि 'एचटी' असा शिक्का येतो. तो नसला तर समोरचा देश अख्खा माल परत पाठवू शकतो. आत लाखोंची औषधं आणि अडकलं कशावर, तर फळीवर! चारही पॅलेट उतरवून माल शिक्क्याच्या पॅलेटवर घेतला, सकाळचे सहा वाजले. त्या हेल्परला हे माहीत होतं, आम्हा डिग्रीवाल्यांपैकी कुणी बघितलंच नव्हतं.

आता शिक्षण. एनपीटीईएल, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या साईटवर, सप्लाय चेनचे कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची तर हजारेक रुपये. अमेरिकेच्या एमआयटीचा सप्लाय चेनचा मायक्रोमास्टर्स पण ऑनलाइन आहे, पाच कोर्स, नुसतं ऐकायला फुकट. पहिलाच ॲनालिटिक्सचा आहे, गणित अंगावर येईल, सोडू नको. सर्टिफिकेट हवंच तर दोन वर्षांनी एएससीएम या अमेरिकन संस्थेचं सीपीआयएम (प्लॅनिंग आणि स्टॉकचं सर्टिफिकेट) बघ, फी डॉलरमध्ये असते, तेव्हा कंपनीला भरायला लाव.

आणि एक्सेल! पिव्होट टेबल आणि लुकअप फॉर्म्युला येत नसेल तर इंटरव्ह्यूला जाऊच नको.

डिचोलीकर_22
ताई, हे सगळं स्क्रीनशॉट मारून ठेवलं. पण थिअरी खरंच कामाला येते का? ते ईओक्यू, म्हणजे एका वेळी किती मागवलं की स्वस्त पडतं त्याचं सूत्र, वगैरे?

वेर्णा_नाईटशिफ्ट
येते, पण अर्धी. समज वर्षाला 1200 रोल टेप लागते, एक ऑर्डर काढायला 100 रुपये खर्च, एक रोल वर्षभर ठेवायला 6. 2 गुणिले 1200 गुणिले 100 भागिले 6, त्याचं वर्गमूळ 200. म्हणजे एका वेळी 200 मागव. सूत्र 1913 चं आहे आणि अजून चालतं. मग सप्लायर म्हणतो 500 च्या खाली गाडी पाठवत नाही, आणि स्टोअरवाला म्हणतो ठेवू कुठे, माझ्या डोक्यावर? तिथून पुढे तुझा पगार सुरू होतो.

म्हापशेचो_बाजार
ते बुलव्हिप की काय म्हणतात, गिऱ्हाईकाची मागणी जराशी हलली की मागे ऑर्डरी फुगत जातात, ते आम्ही दर पावसात बघतो. घाट बंद झाला अशी नुसती अफवा आली की बेळगावची भाजी येणार नाही म्हणून जो तो दोन किलोच्या जागी पाच किलो टोमॅटो नेतो, स्टॉलवाला दुप्पट मागवतो, तिकडचा व्यापारी तिप्पट भरतो आणि चौथ्या दिवशी सगळा लगदा. खाणारी तोंडं तेवढीच.

वेर्णा_नाईटशिफ्ट
@म्हापशेचो_बाजार बरोब्बर हेच! पुस्तकात हेच बाळांच्या डायपरवरून शिकवतात. टोमॅटो बरा.

जुना_बार्जवाला
बाळा, मी मांडवीत बार्जीवर होतो, आता ट्रान्सपोर्टमध्ये. एक कागद नीट शिक, ई-वे बिल, माल गाडीने नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल. 50 हजारांच्या वर माल असला की सहसा लागतं, आणि त्याला मुदत असते, साधारण 200 किलोमीटरला एक दिवस. आमची गाडी चोर्ला घाटात बंद पडली, माल दुसऱ्या गाडीत भरला आणि घाईत बिलाच्या पार्ट-बीमध्ये (गाडीच्या माहितीच्या भागात) नव्या गाडीचा नंबर टाकायचा राहिला. पुढे तपासणीत अडकली, दंड भरला, दोन दिवस गाडी उभी. नंबर टाकायला दोन मिनिटं लागतात. आणि ड्रायव्हरशी नीट बोलत जा, रस्त्यावर काय झालंय ते सिस्टीमच्या आधी त्याला कळतं. तुझ्या बापाला विचार.

सांज_फोंडा
मी अजून म्हणतो, पुढे मॅनेजर व्हायचं तर डिग्री लागतेच. दहा वर्षांनी एचआर पहिलं तेच विचारेल.

वेर्णा_नाईटशिफ्ट
हे पण खरं आहे, मला स्वतःला एकदा प्रमोशनला अडलं होतं. पण ती डिग्री तीन वर्षांनी नोकरी सांभाळून पण होते. 22 व्या वर्षी परत कर्ज काढून नको.

डिचोलीकर_22
ठरलं. सोमवारी जॉइन होतो, एनपीटीईएल रात्री. बाबांना बार्जवाल्या काकांची कमेंट वाचून दाखवली, ते अर्धा तास त्यांच्या ड्रायव्हरकीच्या गोष्टी सांगत बसले, बऱ्याच दिवसांनी. ताई, एकच शेवटचा प्रश्न, सेफ्टी शूज कंपनी देते की आपण घ्यायचे?

वेर्णा_नाईटशिफ्ट
कायम लोकांना कंपनी देते. कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी पहिल्याच दिवशी विचारायचं, नाहीतर महिनाभर 'स्टॉक नाही' ऐकशील.