मदत हवी आहे: केव्हीएममध्ये गेस्टचा हायपरकॉल युजर स्पेसपर्यंत आणायचा कसा?

मंडळी नमस्कार. लिनक्सवर थेट केव्हीएमचे (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) आयऑक्टल (कर्नलला सूचना द्यायचे कॉल) वापरून सी मध्ये एक छोटा व्हीएमएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) लिहितोय, क्यूएमू वगैरे तयार एम्युलेटर मधे काही नाही, मशीन इंटेलचं, गेस्ट (व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणारी सिस्टिम) म्हणजे माझाच ६४ बिटी टीचभर कर्नल. गेस्टने आरएएक्स रजिस्टरमध्ये कॉल नंबर, आरबीएक्समध्ये बफरचा पत्ता, आरसीएक्समध्ये लांबी ठेवून व्हीएमकॉल (हायपरकॉल, म्हणजे गेस्टने होस्टला हाक मारायची इंटेलची इन्स्ट्रक्शन) मारायचा आणि युजर स्पेसमधल्या, म्हणजे कर्नलबाहेरच्या, माझ्या प्रोग्रॅमने होस्टवरच्या फाइलमधला डेटा त्या बफरात भरून द्यायचा, एवढंच हवंय.

गाडं इथे अडलंय की व्हीएमकॉल माझ्यापर्यंत पोचतच नाही. केव्हीएम_रन (गेस्ट चालवणारा आयऑक्टल) परत येत नाही, गेस्ट पुढच्या इन्स्ट्रक्शनवर निघून जातो आणि आरएएक्समध्ये बघावं तर -१०००, म्हणजे केव्हीएम_ईनोसिस (असा कॉलच नाही). कर्नलने नंबर बघितला, ओळखीचा नाही म्हणून परस्पर वाटेला लावला. हेडरमध्ये केव्हीएम_एक्झिट_हायपरकॉल (हायपरकॉलमुळे रन परत आला असं सांगणारा कोड) आहे की, त्याच्यासाठी नंबर, आर्ग्युमेंट, रिटर्न सगळ्या फील्ड आहेत, मग तो येत का नाही? कर्नल ५.१४ पासूनची केव्हीएम_कॅप_एक्झिट_हायपरकॉल ही सोय चालू करून बघितली तर मास्कमध्ये (कोणते कॉल हवेत ते सांगणाऱ्या बिटांत) फक्त बिट १२ चालतो, तो मॅप_जीपीए_रेंजचा, एन्क्रिप्टेड मेमरीवाल्या गेस्टसाठी. दुसरा कुठलाही बिट लावला की ईइनव्हॅल (चुकीचं आर्ग्युमेंट).

म्हणून सध्या गेस्ट एका रिकाम्या पोर्टवर ३२ बिटी इन (पोर्टवरून आकडा वाचायची इन्स्ट्रक्शन) करतो. केव्हीएम_एक्झिट_आयओ व्यवस्थित येतो, केव्हीएम_गेट_रेग्जने रजिस्टर वाचतो, बफर भरतो, इथवर सगळं झकास, पण उत्तराचा ६४ बिटी आकडा केव्हीएम_सेट_रेग्जने आरएएक्समध्ये लिहिला तर गेस्टला तो मिळतच नाही, वरचे ३२ बिट शून्य आणि खाली भलतंच काहीतरी. लिहून लगेच वाचला तर जागेवर असतो, पुन्हा रन केलं की गायब! कोण पुसतंय? कर्नलला पॅच मारायचा नाहीये, हे दुसऱ्यांच्या मशीनवरही चालायला हवं.

प्रतिसाद १:
एक्स८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) वर आपल्या मनाचा हायपरकॉल युजर स्पेसला हवा असेल तर पोर्ट किंवा एमएमआयओच (डिव्हाइससाठी राखलेल्या मेमरी पत्त्यांवर वाचणं-लिहिणं), केव्हीएमच्या डॉक्युमेंटेशनमध्येही तेच सुचवलंय. तुमची अपेक्षा वावगी नाही हो, आर्म६४ वर ६.४ पासून (२०२३) एसएमसीसीसी (आर्मवर असे कॉल करायची ठरलेली पद्धत) फिल्टर आहे, ठरावीक रेंजचे कॉल युजर स्पेसला पाठव असं सांगता येतं, फक्त ते कुठलाही व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी सीपीयू) पहिल्यांदा चालायच्या आत सांगावं लागतं.

आरएएक्सचं म्हणाल तर एक्झिट आला तेव्हा तुमचं इन पूर्ण झालेलंच नसतं. पुढच्या रनला कर्नल रन स्ट्रक्चरमधल्या (कर्नल आणि तुमचा प्रोग्रॅम दोघांना दिसणारी मेमरी) डेटा_ऑफसेटपासूनचे ४ बाइट उचलतो आणि आरएएक्समध्ये टाकतो, वरचा अर्धा शून्य. इनऐवजी आउट (पोर्टवर लिहायची इन्स्ट्रक्शन) वापरा. आउट पूर्ण करताना कर्नल फक्त आरआयपी (इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) पुढे सरकवतो, आरएएक्सला हात लावत नाही, म्हणजे तुम्ही लिहिलेलं टिकतं. आरआयपी मात्र स्वतः पुढे ढकलू नका. आणि गेस्टच्या इनलाइन असेंब्लीत आरएएक्स इनपुट-आउटपुट दोन्ही आहे आणि मेमरी बदलते हे कंपायलरला सांगाच, एरवी आउट आरएएक्स बदलतं हे त्याच्या गावीही नसतं आणि ऑप्टिमायझेशन चालू केलं की जुनाच आकडा वापरला जातो.

अजून एक, न विचारता सांगतोय पण फार महत्त्वाचं आहे: गेस्टने दिलेल्या पत्त्यावर भरवसा ठेवू नका. पत्ता अधिक लांबी अशी बेरीज करून तपासलंत तर ती ओव्हरफ्लो होऊन चेक पास होतो. आधी पत्ता मेमरीच्या आत आहे का बघा, मग लांबी उरलेल्या जागेपेक्षा मोठी नाही ना ते. उद्या आर्ग्युमेंट गेस्टच्या मेमरीत ठेवलीत तर एकदाच कॉपी करा आणि कॉपीच तपासा, कारण दुसरा व्हीसीपीयू मधल्या वेळात ती बदलू शकतो.

धागाकर्ता:
आउट केलं, ६४ बिटी उत्तर पोचलं, मनापासून आभार! बफरचा चेकही तुम्ही म्हणता तसा बदलला. आता दर कॉलला गेट_रेग्ज आणि सेट_रेग्ज असे दोन जादा आयऑक्टल होतात ते टाळायचे आहेत. केव्हीएम_कॅप_सिंक_रेग्जने रजिस्टर रन स्ट्रक्चरमध्येच मिळतात असं दिसतंय, तर व्हॅलिड_रेग्ज (रजिस्टर मला दे) कायम लावून ठेवायचं आणि डर्टी_रेग्ज (मी बदललेली परत घे) फक्त आरएएक्स बदलल्यावर, असं कोणी वापरलंय का?

प्रतिसाद २:
हो, अगदी तसंच वापरतो. डर्टीचे बिट कर्नल रजिस्टर उचलल्यावर स्वतः खाली करतो, त्यामुळे दर वेळी नव्याने लावायचे.