मार्टिनी कॅडेटला .218 बीचं बॅरल, प्रायमरला भोकं पडतायत

बेंडिगोकर:
मंडळी, इथे व्हिक्टोरियात ससे-कोल्ह्यांसाठी जुनी बीएसए मार्टिनी कॅडेट (लिव्हरने उघडणारी एकबारी रायफल) घेतलीये, मूळची .310 काडतुसाची, आधीच्या मालकाने .218 बी काडतुसाचं बॅरल टाकून घेतलेलं, कागदपत्रं ओके आहेत. पण हलक्या लोडला (कमी पावडरला) प्रायमर, म्हणजे बुडातली पेटवणारी टोपी, पुंगळीच्या बाहेर डोकावतो, नखाला लागतो, मधेच एखादं काडतूस उडतच नाही, नुसता बारीक ठसा. फुल लोडला उलटंच, ठशाभोवती मेदूवड्यासारखी कडा उठते, दोन-चार प्रायमरना आरपार भोक आणि लिव्हर खाली करायला जोर लागतो. स्प्रिंग बदलू का फायरिंग पिन? प्रायमर सीसीआय 400 आहेत.

लेथवाला:
आधी फायर करणं बंद करा. भोक पडलं की जळता गॅस ब्लॉकमधून, म्हणजे काडतुसामागच्या दरवाजातून, मागे येतो आणि मागे तुमचा डोळा असतो.
हे दोन वेगळे आजार आहेत भाऊ. डोकावणारा प्रायमर म्हणजे हेडस्पेस, म्हणजे काडतुसाचं बूड आणि ब्लॉक यांच्यातली मोकळी जागा, जास्त. बॅरल पूर्ण आत बसलं नसेल किंवा पुंगळीच्या बुडाच्या कडेची (रिमची) खाच खोल कापली गेली असेल, मग पिनने ठोकलं की काडतूस आधी पुढे सरकतं आणि मार हलका बसतो, मिसफायर बहुतेक त्यातलेच. फुल लोडला पुंगळी ताणून मागे येते आणि प्रायमर परत आत दाबते, म्हणून तिथे तो सपाट दिसतो आणि लोकं उगाच पावडरला शिव्या देतात.
दुसरा आजार पिनच्या भोकाचा. .310 कमी प्रेशरचं काडतूस, पिन जाड, भोक मोठं, तिथे काही बिघडत नाही. .218 बी 40,000 सीयूपीपर्यंत (सीयूपी हे प्रेशरचं माप) जातं, प्रायमरच्या कपचा पत्रा त्या भोकात घुसतो आणि पिन अडकते. जळालेला प्रायमर भिंगाखाली बघा, ठसा खालच्या बाजूला ओढल्यासारखा दिसेल, ब्लॉक उतरताना पिन तिथे घासते.

सिडनीचा_पुणेकर:
सीसीआय 450 प्रायमर वापरून बघा ना, त्याचा कप जाड असतो. माझ्या मित्राची भोकं त्यानेच थांबली.

लेथवाला:
थांबतील हो, पण ब्लॉकमधलं भोक तेवढंच राहणार. शिवाय जाड कपाला मार जोरात लागतो, ह्यांचे मिसफायर वाढतील. ब्लॉकला बुश (भोक लहान करणारी बारीक नळी) मारून पिनचं टोक साधारण 75 थाउपर्यंत (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बारीक करायचं आणि ते गोल हवं, टोकदार नको. पिन बाहेर येते ती 50-55 थाउ पुरे. हे लायसन्सवाल्या गनस्मिथचं काम, घरच्या ड्रिलवर नको.
हेडस्पेसचा अंदाज घरी येतो. स्ट्रायकर (म्हणजे फायरिंग पिन) काढा, प्रायमर नसलेल्या रिकाम्या पुंगळीच्या बुडाला सेलोटेपचा गोल तुकडा चिकटवा, ब्लॉक अलगद बंद करा. मग ब्लॉक अडेपर्यंत एकेक थर वाढवत जा. टेपची जाडी मायक्रोमीटरने मोजून घ्या.

बेंडिगोकर:
केलं दादा. कॅडेटची आख्खी मेकॅनिझम एक पिन ठोकली की बाहेर येते त्यामुळे सोपं गेलं. चार थरांवरही ब्लॉक सहज बंद होतो, टेप 2 थाउची. स्ट्रायकरच्या बिळात जुनं ग्रीस पार गोंद झालेलं, ते रॉकेलने धुतलं.

लेथवाला:
8 थाउ आणि वर अजून जागा, म्हणजे बॅरल मागे घ्यावं लागणार. स्प्रिंग राहू द्या. आधी हेडस्पेस, मग बुश, ह्याच क्रमाने सांगा गनस्मिथला. आणि बॅरल परत बसलं की एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी बाहेर काढणाऱ्या आकड्याची) खाचपण बघायला सांगा, तिची जागा हलते.