मदत हवी: हार्मोनिक माउंटवर तारे लांबट येताहेत, गाइडिंग तर हिरवं दाखवतंय

अर्धचंद्र | रात्री 11:52
मंडळी, घाईत लिहितोय. आकाश मोकळं आहे आणि माझं डोकं फिरलंय. दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारा जुना वर्म गिअरवाला धोंडा काढून हार्मोनिक माउंट घेतला. काउंटरवेट नाही, एका हातात उचलून बाहेर नेता येतो, सगळे म्हणाले आता सुटलास. आणि तारे लांबट! 180 सेकंदांच्या फ्रेममध्ये प्रत्येक तारा दोनेक पिक्सेल ताणलेला. दुसऱ्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारणाऱ्या गाइडिंगचा आलेख हिरवागार, आरएमएस (सरासरी चूक) 0.7. माउंट परत पाठवायचा का, एवढंच सांगा. उद्याही आकाश मोकळं आहे, तेव्हा जरा लवकर. 'आधी शोधून बघा' म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

मृगशीर्ष | रात्री 11:58
दुर्बीण कोणती, फोकल लेंग्थ किती, कॅमेरा कोणता? लांबट म्हणजे सगळीकडे की फक्त कोपऱ्यात? कोपऱ्यात असेल तर माउंटचा काही संबंध नाही, सेन्सर तिरका बसलाय किंवा फ्लॅटनरपासूनचं (कोपऱ्यातले तारे नीट आणणारं भिंग) 55 मिमी अंतर चुकलंय. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. पातळ वॉशर घालून बघा.

अंधारयात्री | रात्री 12:04
0.7 काय? पिक्सेल की आर्कसेकंद (अंशाचा 3600वा भाग)? गाइडिंगची एक्स्पोजर किती सेकंदांची? हार्मोनिकवाले नव्वद टक्के इथेच अडकतात. जुन्या सवयीने 3-4 सेकंद ठेवतात. हार्मोनिकला 1 सेकंद किंवा अर्धा. करून बघा आणि आभार नंतर माना.

अर्धचंद्र | रात्री 12:11
अहो, नेहमीचीच रिफ्रॅक्टर, 400 मिमी. कॅमेरा आयएमएक्स571. 0.7 आर्कसेकंदच, पिक्सेल कशाला असेल? गाइडिंग 3 सेकंद, जुन्यावर तेच होतं आणि तिथे तारे गोल यायचे. लांबट सगळीकडे, मध्यभागीसुद्धा, सगळे एकाच दिशेला. @मृगशीर्ष, वॉशर नको, धन्यवाद.

आळशी_वटवाघूळ | रात्री 12:15
एक प्रामाणिक सल्ला देऊ? हे सगळं विकून टाका आणि स्मार्ट दुर्बीण घ्या. माझी सीस्टार एस50 अडीच किलोची. 50 मिमीचं भिंग, कॅमेरा, फोकसर, फिल्टर, संगणक सगळं एका डब्यात. अंगणात ठेवायची, फोनवर तेजोमेघाचं नाव दाबायचं आणि घरात येऊन बसायचं. ती स्वतःच फोटो काढते, ताऱ्यांच्या मांडणीवरून आपण कुठे बघतोय ते ओळखते, फ्रेमवर फ्रेम रचत जाते. गाइडिंग हा शब्द मी विसरलो.

मृगशीर्ष | रात्री 12:19
आणि हातात पडतो 1080 बाय 1920 चा फोटो. दोन मेगापिक्सेल. त्यांच्या कॅमेऱ्यात 26 आहेत. विकून टाका म्हणे!

आळशी_वटवाघूळ | रात्री 12:21
26 मेगापिक्सेलचे लांबट तारे. घ्या.

डॉब्सनवाला | रात्री 12:30
तुम्ही सगळे आकाशाखाली बसून आलेख बघताय. माझ्याकडे हाताने ढकलायची डॉब्सन दुर्बीण: आठ इंची आरसा, एक लाकडी पेटी आणि टेफ्लॉनचे तुकडे. वीज लागत नाही, केबल नाही. शनीची कडी बघायला आरएमएस लागत नाही.

अंधारयात्री | रात्री 12:33
काका, दर धाग्यावर तुमची पेटी येते. ते फोटोग्राफीबद्दल विचारताहेत. धाग्यावर या.
@अर्धचंद्र, 1 सेकंद केलं का?

मोजून_मापून | रात्री 12:41
जरा आकडे मांडू. तुमची प्रतिमा-मोजपट्टी 206.265 × 3.76 (पिक्सेलचा आकार, मायक्रॉनमध्ये) ÷ 400, म्हणजे पिक्सेलला साधारण 1.94 आर्कसेकंद. दोन पिक्सेल ताण म्हणजे जवळपास 4 आर्कसेकंद.
आता हार्मोनिक. त्यात एक लंबवर्तुळाकार भाग पातळ लवचीक दात्यांच्या कड्याला आतून दाबत फिरतो. गुणोत्तर 1:100 धरलं तर त्याचा एक फेरा 862 सेकंदांचा, आणि लंबवर्तुळाला दोन टोकं असल्याने चूक दर 431 सेकंदांनी परत येते. निर्माते बहुधा ±20 आर्कसेकंद सांगतात. ती चूक सुबक साइन लाट मानली तर सर्वाधिक वेग येतो सेकंदाला 0.29 आर्कसेकंद. 3 सेकंदांच्या गाइडिंगमध्ये 0.9. म्हणजे अर्धा पिक्सेलसुद्धा नाही. अंधारयात्रींचा सल्ला चांगला आहे, पण 4 आर्कसेकंदांचा हिशोब त्यातून लागत नाही.

अंधारयात्री | रात्री 12:47
लाट सुबक नसते हो! प्रत्यक्षात मध्येच एकदम उतार येतो, तोच तर त्रास. कागदावर माउंट चालत नाही.

मोजून_मापून | रात्री 12:50
उतार आला तर तो गाइडिंगच्या आलेखात उसळी म्हणून दिसेल. त्यांचा आलेख हिरवा आहे. गाइड कॅमेऱ्याला न दिसणारी चूक हवी आहे आपल्याला.

रोहिणीशकट | रात्री 12:52
अवांतर: या गिअरचा शोध सी. वॉल्टन मसर यांचा, 1950च्या दशकातला. आणि 1971 मध्ये अपोलो 15 ने चंद्रावर नेलेल्या गाडीच्या चारही चाकांत हेच तंत्र होतं, 80:1 चं. आधी चंद्रावर चाललं आणि मग कितीतरी वर्षांनी चंद्राचे फोटो काढायला आपल्या ट्रायपॉडवर आलं. यंत्रमानवांच्या सांध्यांतही हेच असतं. दात्यांमध्ये मोकळीक जवळपास नसते हा त्याचा मोठा गुण.

अर्धचंद्र | रात्री 1:09
1 सेकंद केलं. आरएमएस 0.5 वर आलं. तारे तेवढेच लांबट. आता?

ध्रुवपद | रात्री 1:13
पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणं. शंकाच नाही. किती चूक आहे?

अर्धचंद्र | रात्री 1:16
एक आर्कमिनिटाच्या आत. तीन ठिकाणी फोटो काढून प्लेट सॉल्व्हिंगने (फोटोतल्या ताऱ्यांवरून जागा ओळखून) केलंय, ध्रुवताऱ्याकडे बघितलंही नाही. आणि हे सगळं मी करतोच, त्यात सांगण्यासारखं काय होतं?

ध्रुवपद | रात्री 1:18
मग परत करा. 30 आर्कसेकंदांच्या आत आणा.

मोजून_मापून | रात्री 1:25
ध्रुवपद, गाइडिंग चालू असताना ध्रुवीय अक्षाची चूक राहिली तर गाइड ताऱ्याभोवती चित्र फिरतं. कोपऱ्यांत कमानी दिसतील, आणि त्या ताऱ्याजवळ ताण जवळपास शून्य. यांचे तारे तर सगळीकडे समांतर ताणलेत. जमत नाही.

ध्रुवपद | रात्री 1:27
मी बऱ्याच वर्षांपासून करतोय हे.

मोजून_मापून | रात्री 1:28
असेल. कमानी तरीही कमानीच राहतात.

क्षणप्रकाश | रात्री 1:34
मुळात 180 सेकंद कशाला? हल्लीच्या सीमॉस सेन्सरचा रीड नॉइज (फ्रेम वाचताना मिसळणारा गोंगाट) इतका कमी आहे की 30 सेकंदांच्या सहापट फ्रेम घ्या, बेरीज तीच. प्रश्नच मिटला. लांब एक्स्पोजर ही जुन्या सीसीडी सेन्सरच्या काळातली श्रद्धा आहे.

अर्धचंद्र | रात्री 1:38
ड्युअल बँड फिल्टर लावलाय, म्हणून 180.

मृगशीर्ष | रात्री 1:40
हे आत्ता सांगताय!! फिल्टर कधीपासून?

क्षणप्रकाश | रात्री 1:41
ओह. मग माझं मागे घेतो, अर्धं. हायड्रोजन-अल्फा 656.3 नॅनोमीटर आणि ऑक्सिजन 500.7, एवढ्याच पट्ट्या येत असतील तर आकाशाची पार्श्वभूमी इतकी काळी होते की 30 सेकंदांत रीड नॉइजच वरचढ ठरतो. फिल्टरशिवाय मात्र माझं म्हणणं कायम.

अर्धचंद्र | रात्री 1:44
फिल्टर माउंटबरोबरच घेतला. त्याआधी 60 सेकंदच घ्यायचो. पण फिल्टरने तारे लांबट होतात का? उगाच काहीतरी.

मोजून_मापून | रात्री 1:52
फिल्टरने होत नाहीत. पण तुम्ही म्हणालात की जुन्या माउंटवर तारे गोल होते, आणि तिथे फ्रेम होती 60 सेकंदांची. कुठलीतरी संथ सरक 180 सेकंदांत दोन पिक्सेल दाखवत असेल, तर 60 मध्ये ती 0.7 पिक्सेलच दाखवणार, आणि ती वातावरणाच्या थरथरीत बुडून जाते. म्हणजे हा दोष जुन्या माउंटवरही असू शकतो.
एक करा. डिदरिंग (फ्रेमांच्या मध्ये दुर्बीण मुद्दाम किंचित हलवणं) बंद ठेवून तासभर, म्हणजे 20 फ्रेम घ्या. पहिली आणि शेवटची शेजारी ठेवा. एकच तारा किती पिक्सेल हलला ते सांगा.

दवबिंदू | रात्री 1:55
भिंगावर दव धरत असेल तर हीटर पट्टी जरूर लावा. पूर्ण ताकदीवर लावू नका, भिंगाजवळची हवा तापून तारे फुगतात. दव धरण्याआधीच लावावी, धरल्यावर वेळ जातो.

अंधारयात्री | रात्री 1:57
दवाबद्दल कोणी विचारलं?

दवबिंदू | रात्री 1:58
विचारायची वेळ येऊ नये म्हणून सांगितलं.

अर्धचंद्र | पहाटे 3:06
20 फ्रेम झाल्या. तारा 40 पिक्सेल सरकलाय. एकाच दिशेत, सरळ. हे काय आहे आता? आलेख पूर्ण वेळ हिरवा होता!

मोजून_मापून | पहाटे 3:10
40 भागिले 20, फ्रेममागे दोन पिक्सेल. तुमचा ताण बरोबर तेवढाच. गाइड कॅमेरा म्हणतोय मी जागचा हललो नाही, आणि मुख्य कॅमेरा सरकतोय. म्हणजे त्या दोघांचं तोंड एकमेकांपासून हळूहळू वळतंय. माउंट निर्दोष, परत पाठवू नका. गाइडिंग कशावर आहे? ओएजी (मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश गाइड कॅमेऱ्याकडे वळवणारं प्रिझम) की वेगळा गाइडस्कोप? गाइडस्कोप कसा बसवलाय?

अर्धचंद्र | पहाटे 3:12
वेगळा, 120 मिमी. फाइंडरच्या खाचेत, सगळे बसवतात तसाच. घट्ट आहे.

डॉब्सनवाला | पहाटे 3:20
झोप आली नाही म्हणून वाचत होतो. त्या छोट्या दुर्बिणीचं मागचं टोक दोन बोटांत धरून हलवून बघा. डुगडुगतंय का?

अर्धचंद्र | पहाटे 3:27
... थोडं हलतंय. पाया घट्ट आहे, पण मागे जिथे गाइड कॅमेरा बसतो ती फोकसरची नळी हलते. आणि यूएसबीची केबल तिथूनच खाली लोंबतेय.

मोजून_मापून | पहाटे 3:33
काकांना दंडवत. 40 पिक्सेल म्हणजे 78 आर्कसेकंद. दहा सेंटिमीटरच्या नळीवर 78 आर्कसेकंद वळायला टोक फक्त 0.04 मिमी सरकावं लागतं, केसाच्या जाडीपेक्षा कमी. माउंट पूर्वेकडून पश्चिमेकडे वळत जातो, केबलचं वजन वेगळ्या बाजूने ओढू लागतं, नळी कलते. केबल गाइडस्कोपच्या अंगालाच बांधा, म्हणजे ओढ कॅमेऱ्यावर येणार नाही. फोकस जमला की फोकसरचा लॉक स्क्रू आवळा. शक्य असेल तर खाचेऐवजी दोन कड्यांत बसवा.

डॉब्सनवाला | पहाटे 3:35
माझ्या पेटीत केबल नसते म्हणालो होतोच.

ध्रुवपद | सकाळी 8:02
एवढं करण्यापेक्षा ओएजी घ्या. मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशातून गाइड तारा, दोघांमधला फरकच संपला. लवचिकतेचा प्रश्न मुळातून गेला.

अंधारयात्री | सकाळी 8:15
400 मिमीला ओएजी? इवल्याशा प्रिझमपुढे तारा शोधत बसा, तो भेटला तर त्याचा आकार वाकडा. दोन मीटर फोकल लेंग्थवाल्यांसाठी आहे ते.

ध्रुवपद | सकाळी 8:19
हल्लीचे गाइड कॅमेरे संवेदनशील आहेत, तारा मिळतोच. आणि बॅकफोकसच्या (फ्लॅटनर ते सेन्सर अंतर) 55 मिमीत सहज मावतो.

मृगशीर्ष | सकाळी 8:24
55 मिमी हा शब्द ऐकून बरं वाटलं.

शोधक_नवा | सकाळी 10:40
वाखु (वाचनखूण) साठवली. एक भाबडा प्रश्न: प्लेट सॉल्व्हिंगला कसं कळतं की तो कुठे बघतोय?

रोहिणीशकट | सकाळी 10:58
सगळ्या नव्या उपकरणांत मला सर्वांत भारी वाटतं ते हेच. चार-चार ताऱ्यांचे गट घेऊन त्यांच्यातल्या अंतरांचं प्रमाण काढतात. चित्र फिरवलं, लहान-मोठं केलं तरी ते प्रमाण बदलत नाही. मग तसाच चौकोन आधी साठवलेल्या यादीत शोधायचा. एक जुळला की बाकीचे तारे जिथे असायला हवेत तिथे आहेत का, हे पडताळायचं. आता तर फोन दुर्बिणीवर अडकवून हाताने ढकलायच्या दुर्बिणीलाही हे करता येतं, पडद्यावरचे बाण दाखवतात कुठे ढकलायचं ते. काका, तुमच्या पेटीलासुद्धा.

डॉब्सनवाला | सकाळी 11:10
मला दीर्घिका कुठे आहेत ते माहीत आहे.

अर्धचंद्र | रात्री 10:47
केबल बांधली, लॉक आवळला, गाइडिंग 1 सेकंदावरच ठेवलं. तासाला 40 ची सरक 6 पिक्सेलवर आली. 180 सेकंदांत मधले तारे गोल! कड्या मागवल्यात. माउंट राहतोय.
पण आता नीट बघितलं तर वरच्या उजव्या कोपऱ्यात तारे किंचित ताणलेले दिसतात, फक्त तिथेच. हे आधी सगळ्या ताणात लपलं असेल का?

मृगशीर्ष | रात्री 10:49
वॉशर.

अर्धचंद्र | रात्री 10:51
कुठे घालायचा, किती जाडीचा?

मृगशीर्ष | रात्री 10:53
नवीन धागा काढा, सविस्तर सांगतो. एक फ्रेम अपलोड करा, स्टॅक केलेली नको, कच्ची. आणि या वेळी फ्लॅटनर कोणता, मध्ये कोणते अडॅप्टर, फिल्टरच्या काचेची जाडी, सगळं पहिल्याच प्रतिसादात. फिल्टरच्या काचेमुळे बॅकफोकस जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने वाढतो, तेही धरावं लागेल.

शोधक_नवा | रात्री 11:20
मीही हार्मोनिक घ्यायच्या विचारात आहे. काउंटरवेट अजिबात लागत नाही का? आणि गाइडिंगशिवाय चालेल का?

अंधारयात्री | रात्री 11:22
दुर्बीण कोणती, फोकल लेंग्थ किती?