मदत हवी आहे: कॅल्गरीच्या हिवाळ्यासाठी पिकअपला ऑल-टेरेन टायर बारा महिने चालतील, की वेगळा हिवाळी संच घ्यावा?

नमस्कार मंडळी,

कॅनडात, त्यातही अल्बर्टात पिकअप चालवणाऱ्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. पहिला बर्फ पडला की टायरच्या दुकानात नंबर लागता लागत नाही, म्हणून त्याआधीच काय ते ठरवायचं आहे.

गाडी २०२१ची टोयोटा टकोमा, टायरचं माप २६५/६५ आर १७. मूळचे ऑल-सीझन टायर आहेत, ट्रेड (खाचांची खोली) आता ४ मिलिमीटरवर आलाय. कामासाठी दर आठवड्याला कॅल्गरीहून क्यू-ई-टू हायवेने रेड डियर आणि तिथून अकरा नंबरच्या हायवेने रॉकी माउंटन हाउसच्या बाजूला जावं लागतं. शेवटचा टप्पा खडीचा, तिथे बर्फ काढणारी गाडी सगळ्यात उशिरा पोचते. सुट्टीत कॅनमोर-बॅन्फ आणि अधूनमधून रॉजर्स पास ओलांडून रेव्हलस्टोक. अल्बर्टात हिवाळी टायरची सक्ती नाही, पण ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल 'एम अधिक एस' (मड अँड स्नो, चिखल-बर्फ) किंवा डोंगर-हिमकणाची खूण असलेले टायर आणि किमान ३.५ मिलिमीटर ट्रेड लागतो. माझे टायर जेमतेम त्यात बसतात. कायद्यात बसणं आणि उणे २५ला ताशी ११०च्या रस्त्यावर गाडी वेळेत थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला काळजी दुसरीची आहे.

इथल्या एका दुकानात ऑल-टेरेन, म्हणजे खडी-मातीवरही चालणारे टायर सुचवले. "याच्यावर डोंगराची खूण आहे, हिवाळी टायरच समजा, बारा महिने ठेवा," असं ठामपणे सांगितलं. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण ही ती खूण. मी जेवढं वाचलंय त्यावरून मला हे पटत नाही. ही खूण १९९९पासून आहे आणि ती मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर गाडी पुढे खेचण्याची चाचणी द्यावी लागते. प्रमाण टायरचे गुण १०० धरले तर याला किमान ११० हवेत. म्हणजे मोजलं काय जातं, तर सुटताना मिळणारी पकड. त्या चाचणीत ब्रेक नाही, वळण नाही आणि गुळगुळीत गोठलेला रस्ताही नाही. नुसतं 'एम अधिक एस' तर ट्रेडच्या खाचांच्या रचनेवरून कंपनी स्वतःच छापते.

माझा रस्ता नेमका या चाचणीच्या बाहेरचा आहे. इथे चिनूक, म्हणजे डोंगराकडून येणारा उबदार वारा, सुटला की काही तासांत पारा १५-२० अंशांनी चढतो, रस्त्याकडेचा बर्फ वितळून पाणी लेनवर येतं आणि रात्री तेच पाणी काचेसारखं गोठतं. पुलांवर आणि उड्डाणपुलांवर तर आधी. सकाळी क्यू-ई-टूवर एक किलोमीटर कोरडा आणि पुढचे दोनशे मीटर चकाकणारे, असं रेड डियरपर्यंत चालू असतं. टकोमाचं फोर-व्हील पार्ट-टाइम आहे, कोरड्या डांबरावर ते लावून चालवता येत नाही. त्यामुळे अशा ठिगळाठिगळांच्या रस्त्यावर गाडी प्रत्यक्षात रिकाम्या हौद्याची, हलक्या मागच्या बाजूची रिअर-व्हील असते. आणि फोर-व्हील लावलं तरी ब्रेक मारताना त्याचा उपयोग शून्य. थांबवायचं काम टायरचंच.

दुसरा प्रश्न एलटी (लाइट ट्रक, जड वजनासाठीचा टायर) की साधा, म्हणजे पॅसेंजर प्रकारचा, याचा. दुकानवाले दहा-प्लायच्या, लोड रेंज ई-च्या (जास्त भार पेलणाऱ्या) एलटी टायरचा आग्रह धरतात, 'खडीसाठी मजबूत' म्हणून. मी हौद्यात कधी जड सामान भरत नाही, ट्रेलरही ओढत नाही. एलटी टायर एकेक चार-पाच किलोने जड, कडक, आणि पेट्रोल जास्त पिणार. पण त्या खडीच्या रस्त्यावर साइडवॉल (टायरची बाजू) फाटला तर फोनला रेंज नाही, हेही खरंच. डोक्यात सध्या फाल्कन वाइल्डपीक, टोयो ओपन कंट्री ए/टी थ्री आणि नोकियन आउटपोस्ट ए/टी आहेत. नोकियनच्या साइडवॉलमध्ये अ‍ॅरामिडचे (फार चिवट) धागे असतात, म्हणून त्यावर मन जरा जास्त बसलंय.

तर विचारायचं असं: तुमच्यापैकी कोणी खूण असलेले ऑल-टेरेन पूर्ण हिवाळा हायवेवर चालवलेत का? ब्लॅक आइसवर (न दिसणाऱ्या पातळ बर्फावर) थांबताना अनुभव काय? दोन संच घ्यायचे तर खर्च एकदम येतो आणि टाउनहाउसमध्ये चार टायर ठेवायला जागा काढावी लागेल. तेवढं करण्याइतका फरक खरंच पडतो का?

प्रतिसाद १

एडमंटनहून. ताई, तुमची शंका अगदी बरोबर आहे. दोन संच घ्या.

खूण खोटी नाही, पण ती पूर्ण कहाणी सांगत नाही. ऑल-टेरेनचं रबर उन्हाळ्यातल्या तापल्या खडीवर तुकडे न पडता टिकावं म्हणून टणक ठेवलेलं असतं. थंडीत खोबरेल तेल बाटलीत घट्ट होतं तसं ते पारा घसरेल तसं कडक होत जातं, ७ अंशांच्या खाली फरक सुरू होतो आणि उणे वीसला हाताला कळतो. दुकानात गेलात की एक करा. ऑल-टेरेनच्या ट्रेडमधल्या रबराच्या ठोकळ्यावर अंगठा दाबा, मग ब्लिझॅक नाहीतर एक्स-आइस स्नो या हिवाळी टायरच्या ठोकळ्यावर दाबा. हिवाळी टायरचा ठोकळा दबतो, आणि त्यावरच्या नागमोडी बारीक चिरा उघडतात. त्या चिरांच्या कडाच बर्फाला धरतात. ऑल-टेरेनवर चिरा असतात, पण कमी, आणि बऱ्याच टायरांत त्या तळापर्यंत जात नाहीत. निम्मा ट्रेड झिजला की ठोकळा वरून सपाट होतो. पहिल्या हिवाळ्यात खूश असलेले लोक तिसऱ्या हिवाळ्यात तक्रार करतात ते यामुळे.

खर्चाचं म्हणाल तर एक संच वापरात असताना दुसरा झिजत नाही. पैसे एकदम जातात, पण वाया जात नाहीत. जागा नसेल तर इथली बरीच दुकानं हंगामभर टायर ठेवून घेतात, थोडे पैसे पडतात.

प्रतिसाद २

मी थोडं वेगळं मत मांडतो. केलोनाला राहतो, हिवाळाभर ऑल-टेरेनवरच असतो आणि समाधानी आहे. ताजा, खोल, ओला बर्फ असेल तर मोठ्या ठोकळ्यांचा टायर सरस चालतो. पण आमच्याकडे थंडी फार उतरत नाही, रोजचा हायवे नाही, आणि वाईट दिवशी मी घरी थांबू शकतो. तुमचं तसं नाही. कॅल्गरी-रेड डियर दर आठवड्याला कामासाठी असेल तर मीही वेगळा संच घेतला असता.

एलटीबद्दल मात्र नक्की सांगतो: तुमच्या वापराला लोड रेंज ई नको. रिकाम्या टकोमावर तो टायर दगडासारखा बसतो. शिवाय तेवढंच वजन पेलायला एलटी टायरला साध्यापेक्षा जास्त हवा लागते, त्यामुळे दारावरच्या स्टिकरचा आकडा त्याला लागू होत नाही. बरीच दुकानं तोच आकडा भरून देतात. साध्या प्रकारातला ऑल-टेरेन घ्या, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळच्या टायरपेक्षा कमी नसला म्हणजे झालं. आणि खूण त्याच मॉडेलच्या सगळ्या मापांवर असेल असं धरून चालू नका, तुमच्या मापाच्या टायरचा साइडवॉल स्वतः बघा. तिथेच चार आकडी उत्पादन-तारीख असते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. अंगठ्याची परीक्षा आजच करून आले. हीटर नसलेल्या शेडमध्ये दोन्ही टायर शेजारी होते, फरक लगेच कळला.

आता विचार असा: उन्हाळ्यासाठी आणि खडीसाठी साधा ऑल-टेरेन, आणि हिवाळ्यासाठी १६ इंची स्टीलच्या रिमांवर २४५/७५ आर १६चा हिवाळी संच. टकोमाच्या काही मॉडेलांना हेच माप कंपनीकडून येतं. गणित केलं तर व्यास ७७६ मिलिमीटरऐवजी ७७४ येतो, म्हणजे स्पीडोमीटरलाही फरक पडू नये. टायर दोन सेंटिमीटरने अरुंद, बर्फ कापायला बरा, आणि किमतीला १७पेक्षा स्वस्त. यात काही अडचण दिसते का?

प्रतिसाद १

उत्तम पर्याय, माझ्या भावाच्या गाडीला हेच आहे. फक्त नट वेगळे घ्या. टोयोटाच्या मूळच्या अलॉय रिमांना सपाट वॉशरचे नट असतात, ते स्टीलच्या रिमांना चालत नाहीत, तिथे शंकूच्या आकाराचे लागतात. दुकानात आधीच सांगून ठेवा, आणि चाकं बदलल्यावर शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासून घ्या. रेड डियरला पोचलात की लगेच तपासलंत तरी चालेल.