मदत हवी आहे: गाडीचा डिफरन्शियल लॉकर आधी लावायचा की अडकल्यावर?

मंडळी, परवा वेल्ह्याकडच्या चिखलात आमची फोर बाय फोर पिकअप तिरकी अडकली. मागचं डावं चाक हवेत गरागरा, जमिनीवरचं उजवं ढिम्म! साधं डिफरन्शियल (इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरसंच) दोन्हीकडे सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर देतं; हवेतलं चाक जेमतेम जोर घेतं, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो, इथवर कळलं. ट्रॅक्शन कंट्रोल मोकळ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवतो. लॉकर दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरवतो.

पण फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) मागचा लॉकर लावला आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद झाल्याचा दिवा पेटला. मग पुढच्या चाकांना कुणाचीच मदत नाही का? त्यातलं एक घसरलं तर? आणि लॉकर चढणीआधीच, गाडी थांबवून लावायचा का? लॉक असताना गाडी वळायचं नावच घेत नाही.

(शेवटी ट्रॅक्टरनंच काढली. हसू नका.)