फलकावर ‘कुलीन घराणे’ लिहावे का?

खानापूरकर: एका जुन्या देसाई वाड्यासाठी मराठी-कन्नड माहितीफलक करायचा आहे. मराठी मजकुरात ‘कुलीन घराणे’, ‘खानदानी घराणे’ आणि ‘अभिजात घराणे’ अशी तीन मतं पडलीत. पुढे ‘घराण्याची कौलिन्यता’ असंही आहे. काय ठेवू?

शब्दपारखी: कुल + ईन = कुलीन. ‘कु’ ऱ्हस्व, ‘ली’ दीर्घ. भाववाचक नाम कुलीनता किंवा कौलीन्य. ‘कौलिन्यता’त भाववाचक प्रत्यय दोनदा लागलाय, शिवाय ‘लि’ ऱ्हस्व. आणि ‘य’ गाळून नुसतं ‘कौलीन’ छापू नका, संस्कृतात त्याचा एक अर्थ लोकापवाद! फलकाचं म्हणाल तर ‘कुलीन’ हे नुसतं प्रशस्तिपत्र. त्यातून वाचणाऱ्याला वतनही कळत नाही, अधिकारही नाही. देसाई म्हणजे परगण्याचा वतनदार, महसुलाची जबाबदारी त्याच्याकडे, तेवढं लिहा.

सीमेवरचा: ‘अभिजात’चा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला असाच, पण ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून हा शब्द दिसला की भाषाच आठवते. कन्नडला तो २००८मध्ये मिळाला. तिकडे ‘शास्त्रीय भाषे’ म्हणतात. ते जसंच्या तसं मराठीत आणलं तर विज्ञानाची भाषा वाटेल. ‘खानदानी’ फारसीतून आलेला आणि मोकळा: खानदानी दागिना, खानदानी वैर, काहीही चालतं. वैर कुलीन कसं असेल? ‘घरंदाज’ माणसाच्या वागण्याला आणि गायकीला शोभतो, वाड्याला नाही.

खानापूरकर: मजकुरात ‘वाड्याची कुळे आसपासच्या गावांत होती’ असंही वाक्य आहे. कन्नडमध्ये ‘कुल’च ठेवलंय.

शब्दपारखी: खरी चूक ही. इथे कूळ म्हणजे खंडाने जमीन कसणारा. कन्नडमध्ये ‘कुल’ वाचून लोक जात समजतील. तिथे ‘गेणीदार’ हवं, घराण्याला ‘मनेतन’. मराठीतही कूळ वंश आणि कूळ जमीन कसणारा, दोन्ही नपुंसकलिंगी, दोन्हींचं सामान्यरूप ‘कुळा-’, त्यामुळे नुसतं ‘वाड्याची कुळे’ दोन्हीकडे झुकतं. ‘वाड्याच्या जमिनी कसणारी कुळे’ असं उलगडून लिहा.

सीमेवरचा: आणि ‘कुळवाडी’ कुठे आलं असेल तर त्याला कुलीन समजून ‘सुधारू’ नका, तो शेतकरी.