मदत हवी आहे: क्लाउनफिशनं लेदर कोरलमध्ये संसार मांडला, कोरल मिटलंय

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, मानेवाड्यात राहतो. खाऱ्या पाण्याची 200 लिटरची टाकी आहे, सात महिने झाले. तिच्यात हॅचरीत वाढलेली ऑसेलारिस क्लाउनची जोडी आणि तळहाताएवढं टोडस्टूल लेदर, म्हणजे छत्रीच्या आकाराचं मऊ कोरल. कडक सांगाड्याची कोरलं 1972च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून त्या वाटेला गेलोच नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मादी (जोडीतली मोठी ती मादीच) लेदरच्या छत्रीत शिरायला लागली. निसर्गात हे मासे समुद्रफुलात (अॅनिमोनमध्ये) राहतात. यांनी ते जन्मात पाहिलेलं नाही. रात्री टाकीचा दिवा बंद झाला की ती छत्रीच्या घडीत आडवी होऊन शेपटी हलवत पडते, नर बाजूला. दाणा टाकला तर स्वतः न खाता तोंडात धरून नेते आणि छत्रीत खुपसते. आई रोज संध्याकाळी हे बघायला खुर्ची ओढून बसते.

पण बारा दिवस झाले, लेदर नीट उघडत नाही. लेदर मधूनमधून मेणचट पापुद्रा टाकतं आणि तेव्हा काही दिवस मिटतं, हे माहीत आहे. म्हणून पंपाचा झोत थोडा तिकडे वळवला. पापुद्रा गेला, खाली नवी गुळगुळीत कातडी दिसली. पॉलिप (कोरलची बोटांसारखी बारीक तोंडं) बाहेर येतातही, पण मादी दुसऱ्या कोपऱ्यात असते तेवढाच वेळ. ती अंग घासायला आली की सगळे परत आत. आता एका कडेला नखाएवढा पांढुरका डाग दिसतोय, त्यानंच जीव घाबरलाय.

पाणी ठीक आहे: खारेपणा (विशिष्ट घनता) 1.025, नायट्रेट 10, केएच (अल्कलिनिटी) 8.5. बाहेर पारा 45वर असला तरी चिलरमुळं टाकी 27वर आहे. कूलरच्या हवेनं पाणी भराभर उडतं, पण आरओचं पाणी सकाळ-संध्याकाळ भरतो.

दुकानदार म्हणतो, बबल टिप अॅनिमोन टाका. मला पटत नाही. टाकी नवी आहे, अॅनिमोन चालत जाऊन पंपात अडकला तर सगळंच पाणी नासेल, आणि मादी लेदर सोडेलच याची खात्री नाही.

मादीला जाळीच्या डब्यात आठवडाभर ठेवू, की लेदरच दुसऱ्या टाकीत हलवू? जोडी तोडली तर भांडणं होतील का? आणि तो डाग कापावा की राहू द्यावा? ज्यांच्याकडे असं झालंय त्यांनी सांगा ना राजेहो, मला दोघंही वाचवायचे आहेत.